पिराजी, शेंडीवरून काय दिसतं?

पिराजी, सगळ्या किनवट तालुक्यात शेंडीचा डोंगर लागोपाठ चौदा सालं चढलेला माणूस माझ्याशिवाय दुसरा न्हाई. शेंडी तेवढी सोडून.

हे तुला मालूम होतं, आन कुणालाच मालूम नव्हतं, असं मला वाटायचं. आता तू न्हाईस. तर हे गुपित मी एकट्यानं सांभाळून काय करू? सांगून टाकतो सगळ्यांला.

मला लिहाय येत न्हाई. शाळेत मी गेलतो, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मास्तरनं बापाला निरोप धाडला, की ह्याच्या जागी म्हशीला धाडा, ती गप तरी बसती. म्हणून आता मोबाईलमधी बोलून राहिलो आन तो लिहून राहिला. मधीच माझा आवाज बसला की तो बी थांबतो. यंत्र हाय, त्याला वाटतं माझं बोलणं सरलं. सरलं न्हाई रे बाबा, थांब जरा, असं त्याला म्हणलं तर तो ते बी लिहितो.

आपली पहिली गाठ आठवते का? मी निलंग्याचा, लग्नाच्या मांडवाच्या कामाला तुमच्या किनवटला आलतो, तो इथलाच होऊन गेलो. बाकीचे गडी वर बांबूवर चढून दोऱ्या आवळून राहिले होते. मी खाली शिडी धरून उभा. तू पलीकडल्या अंगणात कुणाच्या तरी मसाल्याच्या पाट्याला छिन्नीनं टाकी लावत बसलेला. टक टक, टक टक. मधीच थांबलास आन म्हणलास, "पाव्हणं, शिडी धरून राहिले का शिडीला लटकून राहिले?"

सगळ्या मांडवात तुलाच दिसलं होतं, की शिडी हालत न्हाई, मी हालून राहिलो. मांडववाला माणूस आन उंचीला भेणारा. न्हाव्यानं वस्तऱ्याला भ्यावं तसं. पण तू ते कुणाला बोलला न्हाईस. सांजच्याला मला च्या पाजला, वर विचारलंस, "डोंगराला येतो का? डोंगराला शिडी नसती."

मी हाव म्हणलो. शिडी नसती एवढंच ऐकलं मी.

शेंडीचा डोंगर ज्यांनी बघितला न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. यष्टीनं फाट्यावर उतरायचं, सागाच्या जंगलातून दोन तास चालायचं. मग काळ्या दगडाच्या पायऱ्या लागतात, कुणी घडवलेल्या न्हाईत, आपल्या आपण झालेल्या. त्या चढून गेलं की सपाट माळ. आन माळाच्या मधोमध शेंडी. तीन-चार माडी उंच नुसता काळा कातळ, तो बी कसा, उसाच्या मोळ्या उभ्या करून ठेवाव्यात तसे उभे उभे खांबच खांब. शेंडीला मधून एक चीर हाय. चिरीत पाठ टेकवायची, पाय समोर रोवायचे आन वर सरकायचं. दीड पुरुष वर गेलं की चीर वळती, तिथून पुढं खालच्याला वरचा माणूस दिसत न्हाई.

आन तिथली रीत. पायथ्याच्या ओढ्यातून एक दगड उचलायचा, मनात एक मागणं धरायचं, दगड शेंडीवर नेऊन दुसऱ्या दगडावर ठेवायचा. उतरंड लावायची. वाटंत दगड भुईला टेकवायचा न्हाई. मागणं कुणाला सांगायचं न्हाई. दिवाळी झाली, गवत पिवळं पडलं, की पहिल्या आयतवारी आपण जायचो.

तू दगडातला माणूस. ओढ्यात उतरून हातोडीनं एकेक वाजवून बघायचास. खणखणला की म्हणायचास, हा पोटातला दगड हाय. भरीव, काळा, तीन-चार शेराचा. मी मातर भोकाभोकाचा, भज्यासारखा हलका दगड हुडकायचो. एवढं वर न्यायचं तर मग वजन कामून उचलायचं? तू म्हणायचास, "अप्पा, देवापुढं बी वजन चोरतो का रे?"

एकदा कुण्या कॉलेजचे सर पोरांला घेऊन आलते, त्यांनी सांगितलं की हा सगळा मुलूख एके काळी आग होता. भुई फाटली आन दगड वितळून वाहत आला, थरावर थर बसत गेले. मला काय पटलं न्हाई. तू मातर त्यांच्या मागं मागं फिरलास आन परतताना मलाच विचारलंस, "तुमच्याकडं गुऱ्हाळात काहिलीत गूळ शिजतो, तवा वर फेस येतो ना?" म्हणलं, येतो. "आन खाली?" म्हणलं, खाली गच्च. मग तू माझा भज्याचा दगड हातात धरलास, आन म्हणलास की हा वरचा फेस, आन माझा तो खालचा गच्च. एकाच काहिलीतला माल. एवढं बोलून तू त्या शेंडीला कान लावून उभा राहिलास. मी विचारलं, काय ऐकून राहिला? म्हणलास, "आग गार व्हायला किती वखत लागला असंल, ते."

असा माणूस होतास. आन मी तुझ्या पाठीमागं उभा राहून डब्यात काय हाय ते हुंगत होतो.

पहिल्या सालचं सांगतो. चिरीत मी पुढं, तू मागं. एक पुरुष चढलो आन मी खाली बघितलं. झालं. हातपाय माझेच, पण ऐकेनात. तू खालून माझा पाय तुझ्या खांद्यावर घेतलास, मग दुसरा घेतलास, आन गोणी उतरवतात तसं मला उतरवलंस. उतरवताना तुझा सदरा ओला झाला. तू म्हणलास, घाम हाय. घाम नव्हता, हे आपल्या दोघांला मालूम होतं.

मी खाली टेंभुर्णीच्या झाडाबुडी बसलो. माझा दगड तू घेतलास आन एकटाच वर गेलास. चीर वळली, तू दिसंनास. थोडा वखत गेला. मी हाक मारली. पिराजीऽ. काय न्हाई. परत मारली. काय न्हाई. वारं लई होतं. मला वाटलं हा पडला त्या अंगाला. आता माणसानं काय करावं? वर जाऊन बघावं, न्हाई तर तिथंच थांबावं. मी पळालो. मदत आणाय चाललो असं मी नंतर सांगितलं, पण खरं म्हणजे नुसता पळालो. मुरमावर पाय घसरला, दोन धोंड्यात तंगडी अडकली, एक चप्पल दरीत गेली, आन मी आईच्या नावानं रडत बसलो. आई जाऊन तवा नऊ सालं झालती.

तू आलास तवा किती वखत गेलता कोण जाणे. तू हसला न्हाईस. तंगडी सोडवलीस, मला पाठीवर घेऊन ओढ्यापसोर आणलंस. मी म्हणलं, मी एवढ्या हाका मारल्या. तू म्हणलास, "वर ऐकू येत न्हाई रे." थोडं चाललास आन परत म्हणलास, "अप्पा, वर खरंच ऐकू येत न्हाई." मला वाटलं, एकच गोष्ट दोनदा कामून सांगून राहिला? मी तर त्याच वखताला चपलेचं दुःख करून राहिलतो.

दुसऱ्या सालापसून मी चिरीला हात बी लावला न्हाई. तू माझा दगड घ्यायचास, वर जायचास, मी टेंभुर्णीखाली. आन आता हाक मारली की लगीच तुझा हाव यायचा. पिराजीऽ. हाव. डब्यातला कांदा खाऊ का? हाव. एक मुंगळा मोठा हाय इथं. हाव. मी दर घडीला हाक मारायचो आन दर घडीला तुझा हाव. मला वाटायचं, औंदा वारं पडलं दिसतं. तेरा सालं मला असंच वाटत होतं, की वारं पडलं. माझी अक्कल बघ.

मधी मधी वरून टक टक यायचं. मी विचारायचो, ते काय वाजून राहिलं? तू वरून म्हणायचास, सुतारपक्षी. चौथ्या-पाचव्या साली मी लोकांला सांगायलो होतो, की शेंडीवरचा सुतारपक्षी लई मेहनती, दिवाळीनंतर आयतवारी बी कामाला असतो.

खाली आलास की मी विचारायचो, काय दिसलं? तू सांगायचास. पैनगंगा दिसली, वाकून गेलेली, पलीकडं विदर्भ. ह्या अंगाला तेलंगण. आन रेल्वे दिसली, काडेपेटीएवढी, बोगद्याकडून निघून पुलावर गेली. दर साली हेच. मी भांडायचो तुझ्यासंगं. म्हणायचो, रेल्वेचा रूळ मागच्या डोंगराच्या आड हाय, दिसणारच न्हाई. आन दर साली तीच गाडी, त्याच पुलावर? तिला दुसरा टाईम न्हाई का? तू म्हणायचास, "वर येऊन बघ." झालं, भांडण मिटलं. मी कशाला वर येतो.

आन गावात मी काय सांगायचो, ते तू उभा राहून ऐकायचास. च्याच्या हॉटेलात, मांडवात, न्हाव्याकडं. शेंडीवर गेलो, पैनगंगा बघितली, काडेपेटीएवढी रेल्वे. तुझंच सगळं, माझ्या तोंडातून. चिरीत पाय कसा रोवावा हे सुद्धा मी लोकांला शिकवायचो. कुणी खरं का म्हणून तुझ्याकडं बघितलं, की तू मान हलवायचास. कधी एकदाबी तुझ्या तोंडावर हसू आलं न्हाई. खोटं मी बोलायचो आन त्याचं ओझं तू उचलायचास, माझ्या दगडासारखं.

आता गेल्या सालचं. हे सांगायचं न्हाई असं ठरवलं होतं. पण दुसरं मग कशाला बोलून राहिलो?

तू दगड ठेवून खाली आलता, आपण डबा सोडला होता, तेवढ्यात नांदेडची पोरं-पोरी आली. टोप्या, दोऱ्या, लोखंडी कड्या. चांगली होती लेकरं. त्यांनी दोरी वर बांधली आन आपल्याला म्हणाली, काका, तुम्हाला दोघांला वर नेतो, काय भीती न्हाई, पडलात तरी लटकून राहाल. तू उठून उभा राहिलास. हातातली भाकर तशीच. दोरीला हात लावलास, ओढून बघितलीस, जसा दगड वाजवून बघायचास तशी. मग माझ्याकडं बघितलंस.

मी काय म्हणलो? मी म्हणलो, "ह्याला काय नवल त्याचं? आत्ताच वरून आला हा. रोज मरे त्याला दोरी कशाला?"

पोरं हसली. तू म्हणलास, "हाव. आत्ताच जाऊन आलो." आन दोरी सोडली न्हाईस. किती तरी वखत हातात धरून उभा होतास. मग हळूच त्यातल्या एका पोरीच्या हातात दिलीस, जसं काय ती तुझी नव्हतीच.

उतरताना तू बोलला न्हाईस. मी बोलत होतो. माकडाची नक्कल केली, माझ्याच चढण्याची नक्कल केली, यष्टीतल्या बायासुद्धा हसल्या. तू खिडकीतून बाहेर. किनवट आलं तवा एवढंच म्हणलास, "अप्पा, तुला कधी वाटत न्हाई का, वर काय असंल?"

मी म्हणलो, दगड असतील, अजून काय.

पिराजी, ते मी तसं बोलायला नव्हतं पाहिजे. तू काय तरी सांगाय निघालता आन मी नेहमीसारखं त्याच्यावर पाय देऊन पुढं गेलो. लोकं म्हणतात अप्पा लई हसवतो. हसवतो म्हणजे काय, समोरच्याला बोलू देत न्हाई. त्याच्यानंतर आपण रोज भेटलो, च्या प्यालो, पण ते वाक्य तसंच मधी पडून राहिलं. मला वाटलं दिवाळीला डोंगरावर गेलो की पुरं करू.

दसरा झाला आन तू गेलास. टाकी लावता लावता पोत्यावर आडवा झालास, एवढंच. अर्धा पाटा तसाच राहिला. आता गल्लीत कुठं टक टक आली की मी उंबऱ्यापसोर जातो. कुणी खिळा ठोकत असतं.

तुला न्यायच्या वखताला मी रडलो न्हाई, ते तू बघितलं न्हाईस हे बरं झालं. मी मांडवाच्या खुर्च्या मोजत होतो. खुर्च्या माझ्या होत्या, मांडव माझा होता, कुणी तरी म्हणलं अप्पा बस की आता. मी म्हणलं, एक खुर्ची कमी येऊन राहिली. परत मोजल्या. बराबर होत्या.

दिवाळी तुझ्या घरात झाली न्हाई, आमच्यात बी न्हाई. आयतवार जवळ आला तवा तुझ्या घरून गया वहिनीनं मला बोलावलं. खाटंबुडून सिमेंटचं पोतं ओढलं, त्याच्यातून दोन दगड काढले. एक काळा, गच्च. एक भज्याचा. दोन्हीची बुडं टाकीनं सपाट केलेली.

वहिनी म्हणाली, "औंदाचे काढून ठेवलते त्यांनी. तुम्ही दर साली वर जाता, भाऊजी. तुम्हाला वाट मालूम हाय. ठेवून या."

खरं सांगू? तुझ्या फोटोपुढं, कुंकू नसलेल्या वहिनीला सांगू, की मी चौदा सालं खाली बसून कांदा खाल्ला? दगड घेतले. घेताना तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई, पोत्याची घडी करत बसली.

काल गेलो. एकटा. दगड भुईला टेकवायचे न्हाईत, म्हणून यष्टीत मांडीवर. कंडक्टर म्हणला, हे काय? म्हणलं, एक पाव्हणे हायत, एक मी हाय. तो पुढं गेला. येड्याला तिकीट देऊन माणसं पुढंच जातात. जंगलात पान वाजलं तरी मी मागं बघून राहिलो, तू मागं असायचास ना. पायऱ्या चढलो. माळावर आलो. टेंभुर्णीखाली माझी जागा तशीच, बसून बसून गुळगुळीत झालेला धोंडा. तिथं बसलो. सवयीनं हाक मारली. पिराजीऽ.

वारं अजिबात नव्हतं.

मग उठलो. तुला खोटं वाटंल, पण उठलो. दगड पंच्यात बांधले, पंचा पाठीला. चिरीत शिरलो. पहिल्या पुरुषापसोर मी शिवाचं नाव घेतलं, त्याच्या पुढं तुझंच घेतलं. शिव्या देऊन घेतलं. गुडघा सोलला, आन तुझा काळा दगड पाठीत टोचून राहिलता, तू मागून ढोसावंस तसा. खाली बघितलं न्हाई. डोळे मिटूनच घेतले होते, तर कुठलं बघतो. असा सरकत सरकत दीड पुरुष गेलो, चीर वळली, आन हाताला मोकळी जागा लागली.

डोळे उघडले. एक कप्पा. दगडात कोरल्यासारखा, दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढा.

आन तिथं, पिराजी, दोन उतरंडी.

एक काळ्या दगडांची. एक भज्याच्या दगडांची. शेजारी शेजारी, कुठं तिरपी न्हाई, कुठं हालत न्हाई. तुझे दगड एकमेकांवर बसणारच, पोटातले होते. पण माझे? वाकडेतिकडे, फेसाचे. एकेकाचं बूड तू टाकीनं सपाट केलतं. जिथं कमी पडलं तिथं चिपा घालून सांधलं होतं. कोपऱ्यात दगडाचा भुगा. म्हणजे हाच सुतारपक्षी. बाजूला विड्यांची थोटकं, तेरा सालांची, एका खळग्यात नीट गोळा केलेली. बसायची जागा झिजलेली, माझ्या खालच्या धोंड्यासारखीच.

तिथून पैनगंगा दिसत न्हाई. रेल्वे न्हाई, तेलंगण न्हाई. समोर दुसऱ्या डोंगराची पाठ आन साग. आन वाकून खाली बघितलं तर बरोबर खाली टेंभुर्णी आन माझी जागा. तू थुकला असतास तर माझ्या टकलाच्या मधोमध पडलं असतं.

मी मोजले. मोजायला मला बोटं लागतात, पण मोजले. माझे तेरा. तुझे तेरा. मी तर चौदा दिले होते तुला. म्हणलं एक एक गडगडला असंल पावसात.

आन मग मी हसलो. लई दिवसांनी. पिऱ्या, लेका, तू बी? तू बी वर जात नव्हतास? मी खाली भिऊन बसलेलो, आन तू दीड पुरुष वर भिऊन बसलेला, आन तिथून मला रेल्वे दाखवत होतास? दोन भित्रे, एकाच दगडाच्या दोन अंगाला, चौदा सालं. मी एवढा हसलो की पडलोच असतो. हसता हसता केव्हा रडणं सुरू झालं ते कळलं न्हाई. खुर्च्या मोजताना जे आलं न्हाई ते सगळं तिथं आलं. तुझ्या जागेवर बसलो. तुझ्या खळग्यातलं एक थोटूक उचललं आन परत ठेवलं. तुला एवढंच सांगायचं होतं, की मला आधी सांगितलं असतंस तर मी चिडवलं नसतं. चिडवलं असतं. पण थोडंच.

तुझा दगड तुझ्यावर ठेवला. माझा माझ्यावर. दोन्ही बरोबर बसले, तू बुडं करून ठेवलीच होती. मागणं धरायचं असतं. मी दर साली एकच धरायचो, नीट खाली उतरू दे. तुझं काय असायचं, ते तू कधी सांगितलं न्हाईस, आता विचारणार कुणाला. काल मला काय मागणंच सुचंना. जे मागावंसं वाटलं ते दगडावर दगड ठेवून मिळत न्हाई.

कप्प्याच्या वर चीर अजून पुढं जाती. वर उजेड दिसत होता. मी वर बघितलं. मग खाली बघितलं. आन मी खाली आलो. कसा आलो ते विचारू नको, पँट वाळत घातली हाय.

आज सांजच्याला वहिनीकडं गेलो. ती अंगणात बसलेली, तुझी टाकी आन हातोडी एका फडक्यावर ठेवलेली. तिनं च्या ठेवला. मी मनात लई तयारी करून गेलतो. म्हणलं, हिला खरं सांगावं, आन त्याच्यासंगं हे बी सांगावं की पिराजी बी माझ्यासारखाच होता. माणूस गेल्यावर त्याचं असं काय तरी कळलं की जवळचा वाटतो. तिला हसू येईल, असं बी वाटलं. तिला हसवून मला महिना झालता.

सगळं सांगितलं. कांदा, हाव, सुतारपक्षी, कप्पा, तेरा दगड. माझं हसणं, रडणं. म्हणलं, वहिनी, तो बी भेत होता, आम्ही दोघं बी भेत होतो.

तिनं कप माझ्यापुढं ठेवला. हसली न्हाई.

"ते भेत नव्हते, भाऊजी. पहिल्या साली वर गेलते ते. नदी बघितली, गाडी बघितली. खाली आले तर तुम्ही असे पडलेले. त्या दिवशी जेवले न्हाईत. म्हणत होते, अप्पानं हाका मारल्या आन मला वर ऐकू आल्या न्हाईत. तवापसून ते हाक ऐकू येती तेवढंच वर जायचे."

चौदावा, म्हणजे पहिल्या सालचा दगड कुठं हाय, ते मला तवा कळलं. तुझा आन माझा, शेजारी शेजारी, वर, जिथून गाडी दिसती तिथं. आन गेल्या साली दोरी तुझ्या हातात होती.

मी तोंड उघडलं, सवयीनं, काय तरी नक्कल करावी म्हणून. वहिनीनं हातोडी उचलून फडक्यात गुंडाळली, गाठ मारली, आन म्हणाली,

"त्यांच्या खाली तुम्ही बसलेले होता. काल तुमच्या खाली तर कुणीच नव्हतं. मग तुम्ही कामून न्हाई गेलात वर?"